अंतःकरण दोन पानांत

मराठी समीक्षकांविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. कथा, कविता, कादंबरी, नाटक, फार तर आत्मचरित्र, एवढ्याच स्टेशनांवर त्यांची गाडी थांबते. तुम्ही-आम्ही आयुष्यात जे लेखन खरोखर करतो, त्या स्टेशनावरून ती शिटीसुद्धा न मारता निघून जाते. रजेचा अर्ज, कर्जाचा अर्ज, हमीपत्र, ‘कारणे दाखवा’ नोटिशीला दिलेलं उत्तर (यात नवरसांपैकी निदान सहा तरी असतातच), हे साहित्य नाही तर काय आहे?

मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेच्या कर्ज विभागात बसतो. ‘कर्जाचा उद्देश’ नावाच्या दोन इंची रकान्यात गेल्या वीस वर्षांत जेवढं कल्पित वाङ्मय मी वाचलंय, तेवढं मराठीच्या प्राध्यापकांनीही वाचलं नसेल. तिथं ‘व्यवसायवृद्धी’ असं लिहिलेलं दिसलं, की मी ओळखतो, मुलीचं लग्न ठरलंय. तेव्हा अर्ज या वाङ्मयप्रकारावर चार शब्द लिहिण्याचा माझा अधिकार मान्य व्हावा, ही नम्र विनंती.

आज परीक्षणाला घेतलेली कलाकृती अमेरिकन आहे. तिचं नाव ‘डायव्हर्सिटी स्टेटमेंट’. आपण तिला ‘विविधता-निवेदन’ म्हणू. म्हणजे मराठीतही ते तितकंच कळेनासं होईल.

अमेरिकेत प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करायचा, तर पूर्वीपासून चार गोष्टी लागत. स्वतःची माहिती, केलेलं संशोधन, शिकवण्याविषयीचं टिपण आणि ओळखीच्या विद्वानांची शिफारसपत्रं. २०१०नंतरच्या दशकात बऱ्याच विद्यापीठांनी यात पाचवी वस्तू वाढवली. एक-दोन पानांत उमेदवारानं लिहायचं, की विविधता, समता आणि समावेशकता यांसाठी मी आजवर काय केलं आणि तुमच्याकडे आल्यावर काय करीन. कृष्णवर्णीय, स्त्रिया, अपंग, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलं, अशांना आपला कसा हातभार लागला, ते सांगायचं. थोडक्यात, बुद्धी चार कागदांत आणि अंतःकरण पाचव्यात.

हेतूला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. तिकडच्या मोठ्या विद्यापीठांची दारं बराच काळ ठरावीक घरच्या मुलांनाच उघडी होती. प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठात पदवीच्या वर्गात मुली यायला १९६९ साल उजाडलं. शिवाय ज्या विभागात एकच बाई किंवा एकच कृष्णवर्णीय प्राध्यापक असतो, त्याच्या खोलीबाहेर रडवेल्या मुलांची रांग लागते. बाकीचे त्या वेळात शोधनिबंध लिहितात आणि बढत्या घेतात. रांग सांभाळणाऱ्याला ‘तुमचं संशोधन कमी पडतंय’ असा शेरा. हे अन्यायाचंच होतं. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठानं २००५ साली नियमात दुरुस्ती केली, की असं काम कुणी केलं असेल तर नेमणुकीत आणि बढतीत त्याची कदर व्हावी. केलेलं काम जमेच्या बाजूला धरा, एवढंच. कुठलाही हिशेबनीस याला मान डोलावेल.

पण कामाची नोंद ठेवणं कटकटीचं असतं. त्यापेक्षा कामाविषयीचा निबंध मागवणं सोपं. कचेऱ्यांचा हा जगभरचा स्वभाव आहे. पाऊस मोजायचा कंटाळा आला, की ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर निबंध मागवायचा.

आता या वाङ्मयप्रकाराचं तंत्र पाहू. ते तीन अंकी आहे. बर्कलीनं हे निवेदन तपासायचा जो तक्ता केला, त्यात तीन प्रश्न होते: या विषयाची जाणीव किती, आजवरची कामगिरी काय, पुढचा बेत काय. प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण १५. कालिदासापासून आजवर कुठल्याही वाङ्मयाला इतक्या नेमक्या गुणांची सोय नव्हती.

याचा प्रयोग कसा होतो तेही ऐका. बर्कलीतच २०१८-१९ साली जीवशास्त्राच्या काही जागा भरायच्या होत्या. ९९३ अर्ज आले, त्यांतले ८९३ पात्र ठरले. मग समितीनं पहिल्या फेरीत फक्त ही निवेदनं वाचली. संशोधन बाजूला, शिकवणं बाजूला. या चाळणीतून २१४ उरले आणि ६७९ गळाले, म्हणजे शंभरातले ७६. गळालेल्यांपैकी कुणाच्या कपाटात एखाद्या दुखण्यावरचं औषध होतं की काय, ते कळायला मार्ग नाही, कारण ते कपाट उघडायची पाळीच आली नाही.

त्या तक्त्यातली एक ओळ मला फार आवडली. ‘मी सगळ्या विद्यार्थ्यांना सारखंच वागवीन’ असं ज्यानं लिहिलं, त्याला तळचे गुण! वाचल्याबरोबर मी हसलो. आमच्या काउंटरवर तर पाटीच आहे: कृपया रांगेत उभे राहावे. पण मग नीट विचार केला, तेव्हा हसू आवरतं घेतलं. पेन्शनच्या दिवसांत अंगठा उठवणाऱ्या आजी येतात. त्यांना आणि टाय लावलेल्या साहेबांना ‘सारखंच’ वागवलं, म्हणजे दोघांपुढे तीच इंग्रजी स्लिप सरकवली, तर आजी हात हलवत परत जातील. तेव्हा समितीला जे कळलं होतं ते खरंच होतं. सगळ्यांना सारखं वागवायला कधी कधी एखाद्यासाठी दोन पावलं जास्त टाकावी लागतात.

आमच्या शाखेत ही दोन पावलं टाकतो तो शिपाई. महिन्याच्या एक ते पाच तारखेपर्यंत त्याच्या खिशात शाईचा पॅड असतो. आजींची स्लिप तो भरतो, अंगठा धरून नेमका चौकटीत टेकवतो, आणि नंतर शाई पुसायला स्वच्छ फडका पुढं करतो. फडका ठेवा असं त्याला कुठल्या सर्क्युलरानं सांगितलेलं नाही. आता समजा, मी उद्या त्याला म्हटलं, ‘समावेशकतेबाबत तुझी भूमिका दोन पानांत लिहून दे.’ तो घाबरून विचारील, ‘साहेब, काय चुकलं माझं?’ कारण आमच्या बँकेत माणसाकडून काही लेखी मागतात, ते फक्त त्याला मेमो द्यायचा असतो तेव्हा.

आमच्या शिपायाला १५ पैकी ३ गुण मिळतील, आणि निवेदनं लिहायचे क्लास घेणाऱ्याला १४. माझा या वाङ्मयप्रकारावर मुख्य आक्षेप आहे तो इथंच.

भाषाशैलीकडे वळू. या निवेदनांची भाषा इंग्रजी असते असं इंग्रजांना वाटतं. प्रत्यक्षात ती सर्क्युलरी आहे. आपल्याकडच्या ‘उपरोक्त विषयास अनुसरून आवश्यक त्या कार्यवाहीस्तव’ची ती अमेरिकेत स्थायिक झालेली मावसबहीण. नमुन्यादाखल ‘लिव्ड एक्सपिरियन्स’ घ्या. म्हणजे जगलेला अनुभव. न जगता घेतलेला अनुभव कसा असतो, ते मला अजून कळलेलं नाही. पिंडाला कावळा शिवल्यावर येत असेल. ‘सेफ स्पेस’ म्हणजे सुरक्षित जागा. आमच्याकडे तिला स्ट्राँगरूम म्हणतात आणि तिच्या किल्ल्या दोघांकडे असतात. ‘कमिटमेंट’ तर दर तिसऱ्या ओळीत. कर्ज विभागाचा नियम असा, की ‘मी वचनबद्ध आहे’ असं गिऱ्हाईक तीनदा म्हणालं, की जामीनदार दोन घ्यावेत.

विनोद सोडा. बोजड शब्दांनी कान दुखतात, तेवढं मी सोसलं असतं. पण हे शब्द कुणाला येतात? ज्याचे आईवडील प्राध्यापक, जो चांगल्या शाळेत शिकला, ज्याला कुठल्या वर्षी कुठला शब्द चालतो हे जेवणाच्या टेबलावर कळलं, त्याला. खाणकामगाराच्या पोरानं जीवशास्त्र शिकून घेतलं. ते पुस्तकात होतं. हे शब्द कुठल्या पुस्तकात शोधणार? ज्याच्यासाठी दार उघडायचं म्हणून एवढा खटाटोप, त्यालाच कडी सापडू नये अशी ही बांधणी. आपल्याला हे नवं नाही. ज्ञान एका भाषेत कोंडून ती भाषा ठरावीक घरांतच शिकवायची, हा प्रयोग आपण काही शतकं यशस्वीपणे चालवला होता.

माझी भाची अमेरिकेत जीवशास्त्रात पीएच.डी. होऊन तिथल्याच एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहे. पोस्टडॉक म्हणजे आपल्याकडे ज्याला टेंपररी म्हणतात तोच, पण डॉक्टर झालेला. २०२२ साली तिनं एका विद्यापीठाकडे अर्ज केला. त्याआधी निवेदनाचा कच्चा खर्डा मला पाठवला. म्हणाली, ‘मामा, तू रोज अर्ज वाचतोस. हा वाचून तुला पटतं का सांग.’

मी वाचलं. तिनं लिहिलं होतं: ‘गेली दोन वर्षं दर शनिवारी दहा ते बारा मी चार मुलांना रसायनशास्त्र शिकवते. चौघांच्याही घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. तिघं पास झाली. चौथ्याचं चालू आहे.’

मी म्हटलं, मंजूर! वार आहे, वेळ आहे, आकडा आहे, आणि थकबाकीसुद्धा न लपवता दाखवलीय. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी उठून मॅनेजरकडे नेला असता.

पण तिच्या एका अनुभवी मैत्रिणीनं तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. ‘असं लिहितात होय?’ मग तिनं तो सुधारून दिला. त्याचा मराठी अवतार साधारण असा: ‘अल्पप्रतिनिधित्व असलेल्या समूहांतील अध्ययनार्थींसाठी समावेशक अवकाश निर्माण करण्याच्या प्रक्रियेत मी सातत्याने सहभागी राहिले आहे.’ यातून शनिवार गेला. दहा ते बारा गेले. रसायनशास्त्र गेलं. तिघं पास झाली होती ती पुन्हा नापास झाली. चौथ्याचा तर पत्ताच नाही.

मैत्रिणीची दुसरी सूचना होती, की दुसऱ्या परिच्छेदात थोडं घरचंही येऊ दे. जगलेला अनुभव. आता आमचे भावजी लवकर गेले आणि ताईनं ब्लाउज शिवून दोन मुलं वाढवली, हे खरं आहे. भाचीनं तसं दोन ओळींत लिहिलं, आणि मुलगी सरळ म्हणून आईला फोनवर वाचून दाखवलं. ताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या कमिटीला माझं शिलाईचं मशीन कशाला हवंय? पिको करून घ्यायचाय का?’ मग जरा थांबून म्हणाली, ‘मी समोरच्या बिऱ्हाडातसुद्धा कधी रडगाणं नेलं नाही गं. आता ते विमानानं पाठवू?’

भाचीनं त्या ओळी काढल्या. ती जागा तिला मिळाली नाही. निवेदनामुळेच मिळाली नाही असं मी म्हणणार नाही. नोकरी का मिळाली नाही, हे तिकडेही कुणी सांगत नाही. पण ताईचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. ज्यानं सोसलंय त्यानं जखम उघडी करून दाखवावी आणि तिला गुण घ्यावेत. आणि ज्यानं काहीच सोसलेलं नाही, त्याला बाबांनी विमानाचं तिकीट काढून तीन आठवडे कुठल्या तरी गरीब देशात विहीर खणायला पाठवावं, म्हणजे त्याचीही दोन पानं भरतात. विहिरीला पाणी लागलं की नाही, ते तक्त्यात विचारलेलं नसतं.

याच्याविरुद्ध तिकडे कुणी बोललंच नाही असं नाही. डेव्हिसच्या गणित विभागाच्या प्रमुख अॅबिगेल थॉम्प्सन यांनी २०१९मध्ये अमेरिकन गणित संघटनेच्या मासिकात लिहून या निवेदनाची तुलना एका जुन्या शपथेशी केली. १९४९-५० साली कॅलिफोर्निया विद्यापीठानं प्राध्यापकांकडून ‘मी कम्युनिस्ट नाही’ अशी शपथ लिहून मागितली होती. सही न करणाऱ्या ३१ जणांना काढून टाकलं. १९५२ साली कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. थॉम्प्सनबाईंवर टीका करणारी पत्रं आली, तशी बाजू घेणारीही आली. पुढं एप्रिल २०२४मध्ये हार्वर्डच्या कायद्याच्या वर्गातले रँडल केनेडी यांनी ही निवेदनं बंद करा असं लिहिलं. ते स्वतः कृष्णवर्णीय आणि स्वतःला डाव्या बाजूचे म्हणवणारे. त्यामुळे त्यांना ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणायची पंचाईत झाली. मे २०२४मध्ये एम.आय.टी.नं ही अट काढली, जूनमध्ये हार्वर्डच्या कला आणि विज्ञान शाखेनं. टेक्सास राज्यात १ जानेवारी २०२४पासून सरकारी विद्यापीठांत कायद्यानंच मनाई झाली होती. आणि जिथून हे सारं वाढलं, त्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं मार्च २०२५मध्ये नेमणुकीसाठी अशी निवेदनं मागणं बंद केलं.

इथं पडदा पडून प्रेक्षक टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं. पण नाटककार कचेरीतला असला, की चौथा अंक असतोच.

जानेवारी २०२५मध्ये वॉशिंग्टनला नवं सरकार आलं आणि आदेश उलटे निघाले. काल ज्या शब्दांना गुण होते, त्यांना आज गुन्ह्याचा दर्जा. फेब्रुवारीत सिनेटर टेड क्रूझ यांच्या समितीनं नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ३,४००हून जास्त अनुदानांची यादी प्रसिद्ध केली, की हे पैसे असल्या थेरांवर गेले. ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेनं ती तपासली, तर तिच्यात एक प्रकल्प पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतींचा निघाला! गुन्हा बहुधा एवढाच, की वनस्पती नाना जातींत कशा विभागत गेल्या हे सांगताना ‘डायव्हर्सिफाय’ हा शब्द आला होता, आणि एका तरुण स्त्री-शास्त्रज्ञाला मदत होईल असं सांगताना ‘फीमेल’ हा. म्हणजे पहिल्या साहेबांनी शब्द आहे की नाही ते पाहिलं, दुसऱ्या साहेबांनीही शब्द आहे की नाही तेच पाहिलं. पुदिना कुणीच पाहिला नाही.

आपल्याकडे असलं काही नाही म्हणून कुणी मिशीला पीळ देऊ नये. आपल्या आरक्षणाचं रोस्टर असतं. त्यावर भांडणं होतात, पण निदान त्यात जागा मोजता येतात, अंतःकरण लिहावं लागत नाही. मात्र निबंधाला गुण ठेवले की काय होतं, ते आपणही पाहिलंय. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१०मध्ये प्राध्यापकांच्या कर्तबगारीला गुण लावले. शोधनिबंधाला इतके, चर्चासत्राला इतके. लागलीच गल्लोगल्ली आंतरराष्ट्रीय नियतकालिकं निघाली. पैसे भरा आणि आंतरराष्ट्रीय व्हा. मे २०१८मध्ये आयोगानं आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. ज्या कागदाला गुण, तो कागद पिकतो. शेतीखात्यानं हे बियाणं शोधून काढलं असतं, तर देशाचा दुष्काळ हटला असता.

भाचीच्या प्रयोगशाळेतही २०२५मध्ये निरोप आला: अनुदानाच्या कागदांतून अमुक-अमुक शब्द वगळा. ‘समावेशक अवकाश’ पहिल्याच झटक्यात उडाला. मग तिनं तिचा तो जुना खर्डा उघडला. शनिवार, दहा ते बारा, चार मुलं, तिघं पास. त्यात काढण्यासारखा एकही शब्द नव्हता. पहिल्या राजवटीत त्याला गुण नव्हते आणि दुसऱ्या राजवटीत त्याच्यावर बंदी नव्हती. साध्या वाक्याचं हे एक आहे. त्याला भाव कधी येत नाही, पण ते चलनातून बादही होत नाही. एवढी खात्री आमच्याकडच्या नोटांचीही देता येत नाही.

समीक्षकानं शेवटी काही विधायक सुचवावं असा दंडक आहे. म्हणून दोन पानी निवेदनाऐवजी मी एक पाच रकान्यांचा फॉर्म सुचवतो, दोन्ही राजवटींना चालेल असा. रकाना पहिला: काय केलं. दुसरा: कुणासाठी. तिसरा: केव्हापासून केव्हापर्यंत. चौथा: किती जमलं, किती राहिलं. पाचवा: कुणाला विचारून खात्री करता येईल. शब्दमर्यादा फॉर्मच्या कागदाएवढी. आमचा शिपाई हा फॉर्म उभ्या उभ्या भरील, आणि विहीर खणायला गेलेले चिरंजीव चौथ्या रकान्यापाशी पेन चावत बसतील.

अंतःकरणासाठी मी मुद्दामच रकाना ठेवलेला नाही. ते ज्याचं त्यानं जपून ठेवावं. अगदीच जागा नसली, तर आमच्या शाखेत लॉकरची सोय आहे. फक्त वेटिंग लिस्ट जरा मोठी आहे.